विचारा की! : थंडी, गच्ची आणि स्वस्तातली सिगार

या खेपेला एकाच विषयावर चार-पाच पत्रं आलीत. डिसेंबर आला की बेळगावकरांना काय होतं कळत नाही, अर्धे हुरड्याच्या मागे, अर्धे गुऱ्हाळाच्या मागे, आणि आता हे सिगारचं नवीन. माझं बालपण निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी गेलं म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडेच ढकललाय, तर घ्या.

प्रश्न : काका, मी ३४ वर्षांचा, टिळकवाडीत राहतो. सिगरेट ओढत नाही, पण वर्षातनं तीन-चारदा सिगार आवडते. गोव्याहून चोर्ल्यानं येताना दोन सिगार आणल्या, २५० रुपयाला एक. रात्री साडेदहाला मफलर गुंडाळून गच्चीवर बसलो, थंडी झकास, चांदणं झकास, आणि सिगार एका बाजूनंच जळत गेली. मधेच वरचं पान टर्रकन उकललं, पाचवेळा पेटवली, शेवटी तोंड कडूजहर. मित्र म्हणतो हजाराच्या खालची सिगार अशीच असते. खरं का? की थंडीत बाहेर ओढणंच चूक?

उत्तर : मित्राला सांगा, हजाराची सिगारसुद्धा तुम्ही त्या रात्री तशीच जाळली असती, फक्त दुःख चौपट झालं असतं. तुमची सिगार स्वस्त होती म्हणून बिघडली नाही, ती सुकलेली होती, आणि तुम्ही तिला वाऱ्यात बसवलीत. वाचून लगेच ओळखलं कारण हे सगळं माझ्याबरोबर झालंय. दहाएक वर्षांमागं एका दुकानातनं, नाव कशाला, काचेच्या कपाटात ट्यूबलाईटखाली किती महिने पडून होती देव जाणे अशी एक सिगार घेतली, गच्चीवर जाऊन पेटवली आणि चौथ्या झुरक्याला वरचं पान पापडासारखं तडकलं. बायको खालून विचारते, काय फुटलं हो.

आता मूळ गोष्ट सांगतो, ती निपाणीतच शिकलो. आमच्याकडं थंडीत तंबाखू कापून रानातच उन्हात वाळत पडलेली असायची. दुपारी बारा वाजता त्या पानाला हात लावा, चुरा होऊन हातात येईल. म्हणून दुपारी कोणी शहाणा माणूस ती गोळा करायला जायचा नाही. पहाटे जायचे, दहिवर पडल्यावर. अंधारात, डोक्याला पोतं गुंडाळून, बोटं बधिर झालेली, आणि तेच पान जे काल दुपारी कडकड मोडत होतं ते दहिवरानं असं मऊ पडलेलं असायचं की मुठीत दाबलं तरी परत उलगडायचं. वडील एक पान तळहातावर घेऊन मूठ मिटायचे, उघडायचे, आणि पान उलगडलं की म्हणायचे, हं, आता उचला. मीटर नाही काही नाही. सिगारचं सगळं शास्त्र या एका मुठीत आहे बघा. तंबाखूचं पान हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. सिगार ओढायला नीट असते ती साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवलेली असेल तर. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाट ओली असते खरी पण दुपारी हवा खडखडीत होते, ओठ फुटतात, टाचा फुटतात, मग त्या बिचाऱ्या पानानं काय केलंय. तुम्ही ती सिगार आणून चार दिवस कपाटात नुसती ठेवली असणार. तिथंच खेळ संपला.

सिगार म्हणजे तीन थर. आत भरलेली तंबाखू म्हणजे फिलर, ती बांधून धरणारं पान म्हणजे बाइंडर, आणि सगळ्यात वर दिसतं ते देखणं पान म्हणजे रॅपर. हे वरचं पान सगळ्यात पातळ, आणि सुकल्यावर आधी तेच आखडतं. मग तुम्ही एक टोक निखाऱ्यासारखं गरम करता, बाहेर १४-१५ डिग्री, पान एकीकडं ताणतं एकीकडं आखडतं, तडकणार नाही तर काय. स्वस्त आणि महाग यात खरा फरक आतल्या भरणीचा. महागात लांब अखंड पानं असतात, स्वस्तात बहुतेक वेळा तुकडे, त्यामुळं ती जरा लवकर आणि गरम जळते, मधनं मधनं तंबाखूचा कण जिभेवर येतो, राख लवकर पडते. तोटा आहे, नाही असं नाही. पण सावकाश ओढली तर अर्धा तास मजेत जातो. एक मात्र बघून घ्या, काही अगदी स्वस्तातल्या यंत्रावरच्या सिगारचं वरचं पान हे पान नसतंच, तंबाखूच्या भुकटीचा लगदा करून लाटलेला कागद असतो. शिरा दिसत नाहीत, सगळीकडं एकसारखा चॉकलेटी रंग. ती घेऊ नका, तिचा वास पुठ्ठा जाळल्यासारखा येतो. आंबा, व्हॅनिला असल्या वासाच्या पण नको, अर्थात हे माझं मत.

दुकानात घेताना दोन बोटांत हलकं दाबून बघा, पायापासनं म्हणजे पेटवायच्या टोकापासनं डोक्यापर्यंत, म्हणजे तोंडात धरायच्या टोकापर्यंत. थोडी दबून परत वर आली तर घ्या. करकर आवाज आला तर मुकाट्यानं परत द्या, दुकानदार काही म्हणू दे. आणि बारकं छिद्र दिसलं, टाचणीनं पाडल्यासारखं, तर अजिबातच नको, तो तंबाखूचा किडा. वखारवाल्यांना तो चांगला ठाऊक आहे. उकाड्यात अंडी फुटतात, थंडीत जरा गप्प असतो.

घरी आणल्यावर हजारो रुपयांची लाकडी पेटी लागत नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, ज्याला आधी लोणच्या-मसाल्याचा वास लागलेला नसेल असा, आणि त्यात ६५ किंवा ६९ टक्क्यांचं आर्द्रतेचं पाकीट टाका, ऑनलाईन मिळतं, बरेच महिने चालतं. कोणीतरी सांगेल सफरचंदाची फोड टाक, बटाटा टाक, संत्र्याची साल टाक. टाका, आठ दिवसांत बुरशी बघायला मिळेल. फ्रिजमध्येही नको, हल्लीचे फ्रिज आतली हवा कोरडी करतात, शिवाय कालच्या मटणाचा वास फुकट. सुकलेली सिगार डब्यात दोन-तीन आठवड्यांत हळूहळू माणसात येते. घाई करून ओलं फडकं गुंडाळलंत तर आतली भरणी फुगते आणि वरचं पान उकलतं, म्हणजे परत तेच.

आता गच्चीवर. थंडीत लांब सिगार घेऊच नका. सिगारची जाडी इंचाच्या ६४ व्या भागात मोजतात, ५० म्हणजे ६४ पैकी ५०, साधारण २० मिलिमीटर. पाच इंच लांब आणि ५० जाड अशी सिगार पाऊण तास ते तासभर चालते, आणि तेवढा वेळ डिसेंबरात रात्री अकराला आपल्या गच्चीवर बसून दाखवा की. पाऊण तासानं माणूस सिगारसाठी नाही, केवळ पैसे वसूल करायला ओढत असतो, भराभरा झुरके मारतो आणि मग कडू झालं म्हणून रडतो. चार इंची, ४० च्या आसपास जाडीची घ्या, २५-३० मिनिटं, खलास. नाहीतर संध्याकाळी साडेपाचला बसा, ऊन कलतं असतं, हातपाय आखडलेले नसतात. मला विचाराल तर हीच वेळ बेस्ट, रात्रीचं चांदणं सिगारपेक्षा कवितेला बरं.

वारा हा थंडीपेक्षा मोठा शत्रू आहे. ज्या बाजूनं वारा लागतो ती बाजू धावते, दुसरी मागं राहते, आणि सिगार पन्हाळीसारखी कोरत जाते. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसा, जिन्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसा. एक बाजू पळायला लागली तरी काही वेळा ती आपोआप सावरते. नाही सावरली तर मागं राहिलेल्या बाजूला काडी दाखवा. आणि शेकोटीजवळ बसून सिगार ओढायची हौस असेल तर एवढंच सांगतो, शेकोटीचा धूर, हुरड्याचा वास आणि सिगार, तिन्ही एकत्र आले की तिघांचीही चव जाते. आधी हुरडा खा.

पेटवायला साधी काडीपेटी चांगली. काडीचं डोकं जळून जाऊ द्यायचं, गंधकाचा वास गेल्यावर मग ज्योत न टेकवता सिगारच्या पायाखाली धरून फिरवायची, कडेनं सगळीकडं लाल झालं की मग पहिला झुरका. वाऱ्यात दोन-तीन काड्या जातात, जाऊ द्या. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास पहिल्या पाच मिनिटांत बसतो. डोक्याकडची टोपी, म्हणजे बंद टोकाला चिकटवलेला पानाचा तुकडा, कापताना ब्लेड नवीन घ्या, टोपी जिभेनं जरा ओली करा आणि वरचे दोन मिलिमीटर उडवा, जास्त नाही. टोपी सगळी कापली की पान सुटतंच. तुमचं मधेच उकललं त्यात याचाही हात असेल.

मिनिटाला एक झुरका, धूर फक्त तोंडात, छातीत नाही. थंडीत तोंडातनं वाफ पण निघते, ती धुरात मिसळून एवढा मोठा ढग दिसतो की माणसाला वाटतं वा काय सिगार आहे, आणि तो अजून जोरात ओढायला लागतो. त्यात अर्धी तुमची वाफ आहे हो. कडवट लागायला लागली तर एकदा उलटं फुंका, आतला कोंडलेला धूर बाहेर जातो, मग मिनिटभर थांबा. उपाशीपोटी तर बिलकूल नको, निकोटिननं घाम फुटतो, मळमळतं, गरगरतं. तसं झालंच तर काहीतरी गोड तोंडात टाकून निवांत बसा. बेळगावात राहताय, घरात कुंदा असेलच की.

प्रश्न : माझ्या भावाची निपाणीत बिडी-तंबाखूची वखार आहे. एवढी तंबाखू घरची असताना बाहेरची सिगार कशाला? हीच गुंडाळून सिगार होणार नाही का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : नाही होणार, आणि केलीत तर भावाची माफी मागावी लागेल. पान तेच, तंबाखूच, पण वाढवलंय वेगळं आणि वाळवलंय वेगळं. बिडीच्या तंबाखूचे शेंडे खुडतात, फुटवे काढतात, म्हणजे झाडाचा सगळा जोर थोड्या पानांत उतरतो, ती जाड आणि कडक होतात. मग उन्हात वाळवून तिचा बारीक चुरा करतात. सिगारचं पान सावलीत, हवेशीर शेडमध्ये आठवडेच्या आठवडे लटकवून वाळवतात, नंतर ढीग रचून आंबवतात, ढीग आतनं गरम होतो, तो मोडून परत रचतात, असं बरेच वेळा. त्यानं तिखटपणा उतरतो. तुमच्या वखारीतला चुरा गुंडाळलात तर पहिल्या दहा मिनिटांत डोकं धरून बसाल. बिडीत एवढीशी चिमूट असते म्हणून माणूस निभावतो. आणि बिडीच्या वरचं पान तर तंबाखूचं नसतंच, टेंभुर्णीचं असतं.

आपल्या देशात सिगारची तंबाखू होते ती तामिळनाडूत दिंडिगलकडं, आणि वरच्या पानाची बंगालात कूचबिहार-दिनहाटाकडं. चिरूट हा शब्द तमिळ सुरुट्टुवरनं आलाय, म्हणजे गुंडाळलेलं. त्रिचीचे चिरूट एके काळी साहेबाच्या देशात जायचे. ते अजून मिळतात, टोपी नसते, दोन्ही टोकं उघडी, किंमत कमी आणि झटका जबर. स्वस्तात काहीतरी हवंच असेल तर तो एकदा बघा, पण निम्माच ओढा.

जाताजाता एक, निपाणीकरांना आवडेल. अकबराचा वकील, म्हणजे दूत, असदबेग विजापूरला गेला होता, तिथं त्याला तंबाखू दिसली आणि १६०४-०५ च्या सुमाराला त्यानं ती नजराणा म्हणून बादशहापुढं नेली. म्हणजे आग्र्याला हे व्यसन आपल्या बाजूनं गेलंय. पुढं जहांगीरनं १६१७ मध्ये बंदी घातली. त्या बंदीचं काय झालं ते तुमच्या भावाची वखार सांगतेच आहे. १९८१ मध्ये त्याच तंबाखूच्या भावासाठी निपाणीच्या शेतकऱ्यांनी शरद जोशींबरोबर हायवे अडवला, पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं गेली. वखारीत बसून गप्पा मारायच्या तर त्या दिवसांच्या मारा, कोणी म्हातारा भेटला तर ऐकून घ्या, सिगार राहू दे.

प्रश्न : माझा नवरा थंडीत रोज रात्री गच्चीवर छोटी सिगार ओढतो. म्हणतो सिगरेट नाही, छातीत घेत नाही, बाहेर ओढतो, मग काय त्रास. घरात दीड वर्षाचं बाळ आहे. स्वेटरला, मफलरला एवढा वास येतो की मला चीड येते. मी उगाच कटकट करते का? (एक वाचक भगिनी, संकेश्वर)

उत्तर : ताई, उगाच नाही. वरती मी एवढं रंगवून लिहिलं म्हणून इथं सरळ लिहायला हवं. छातीत न घेतल्यानं सिगार निरुपद्रवी होत नाही. धूर तोंडात खेळतो, म्हणून तोंड, जीभ, घसा, अन्ननलिका यांच्या कॅन्सरचा धोका तिथंच असतो, आणि निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतनंसुद्धा रक्तात जातं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. आणि रोज म्हणजे रोज. वरचा टिळकवाडीचा गडी वर्षातनं तीन-चारदा ओढतो, तेही औषध नाहीच, पण तुमच्या यजमानांचं प्रकरण हौसेतनं सवयीत गेलंय. त्यांना माझं नाव सांगा, म्हणावं निपाणीच्या माणसानं लिहिलंय. आम्ही लहानपणापासनं बिड्या वळणाऱ्या बायकांचा खोकला भिंतीपलीकडनं ऐकलाय, त्या तर ओढतही नव्हत्या, नुसत्या पदरात तंबाखू घेऊन बसायच्या.

बाळाचं म्हणाल तर धूर बाहेर राहतो पण त्यातलं जे चिकटायचं ते लोकरीला, केसांना, दाढीला चिकटून घरात येतं, आणि दीड वर्षाचं पोर बापाच्या गळ्यातच चढतं आणि दिसेल ते तोंडात घालतं. सोडत नाहीत तोवर एवढं तरी करायला लावा, ओढायचा एक जुना कोट वेगळा, तो जिन्याच्या बाहेर खिळ्याला, मफलर-बिफलर लोकरीचं काही नको, आल्यावर हात-तोंड साबणानं, दात घासून आणि शर्ट बदलून मगच बाळाला घेणं. चार दिवस एवढं सगळं थंड पाण्यानं करायला लागलं की अर्धी हौस तिथंच उतरते, आमच्या घरी उतरली. सोडायचं मनावर घेतलं तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत नंबरवर फोन करून मदत मिळते. कटकट करा की, चांगली करा.

प्रश्न : रविवारी मित्रांबरोबर राकसकोपला किंवा राजहंसगडावर जाऊन सिगार ओढली तर चालेल ना? मोकळी हवाच आहे. (एक वाचक, वय १९, शहापूर)

उत्तर : बाळा, वय लिहून तूच फसलास. कर्नाटकात आता २१ च्या आत तंबाखू विकायलाच बंदी आहे, आणि सार्वजनिक जागी ओढली तर दंड १००० रुपयांपर्यंत. तू म्हणशील शिनोळीला जातो, पलीकडं महाराष्ट्र. आपल्या भागात प्रत्येक भांडण शेवटी सीमेवर येतं ते हे असं. तिथं केंद्राचा कायदा, वय १८, दंड २०० पर्यंत, पण ८०० रुपये वाचवायला पेट्रोल जाळत जाणारा तू पहिलाच. दुसरं म्हणजे जानेवारीत गडावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी पुरे. गडावर जा, भाकरी-पिठलं ने, सूर्योदय बघ.

प्रश्न : अर्धी सिगार उरली तर विझवून दुसऱ्या दिवशी ओढता येते का? पैसे वाया जातात हो. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : तासाभरात परत पेटवणार असाल तर येते. राख झटकायची, एकदा उलटं फुंकायचं आणि ठेवून द्यायची, चिरडून विझवायची नाही. दुसऱ्या दिवशी मात्र गार धूर आत आंबलेला असतो, ओल्या राखेचा वास येतो, आणि तो अर्धा तुकडा डब्यात ठेवलात तर बाकीच्या चांगल्या सिगारपण तसल्याच होतात. टाकून द्या. पैसे वाया जातात म्हणून म्हणालात तर पुढच्या खेपेला निम्म्या लांबीची घ्या, किंमतही जरा कमी.